छपराचे चार इंच

अठरा वर्षांच्या संसारात लिओटा हेम्ब्रीने अकरा घरं मांडली आणि अकरा मोडली. कॅलिफोर्नियातल्या ऑइलडेलचं हे बारावं. नवऱ्याला, आर्लिसला, कुणी कुठून हाकलून दिलं असं एकदाही झालं नाही. काम बरं चाललेलं असे, शेजारीही बरे असत, आणि एका सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन खिडकीबाहेर बघत तो म्हणे, "इथली हवा जरा बसल्यासारखी वाटते, नाही?" हवा बसली की लिओटाने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घ्यायची, हा रिवाजच पडून गेला होता. ओक्लाहोमातून निघाले तेव्हा कापसाच्या मागे निघाले होते. पुढे द्राक्षं झाली, मग गोदी, मग लढाई आणि आता तेलाच्या विहिरी. काम बदलत गेलं तरी पायाची भिंगरी तीच राहिली.

या बाराव्या घरात मात्र लिओटा अडकली. पहिल्यांदाच तिने भिंतींना स्वतःच्या पसंतीचा, फिकट पिवळा रंग दिला. शाळेच्या भटारखान्यात तिला काम मिळालं आणि तिथे तिच्या हातच्या बिस्किटांचं नाव झालं. मुख्य म्हणजे लेक नेल्डा सतरा वर्षांची होती आणि जूनमध्ये शाळा पुरी करणार होती. हेम्ब्रींच्या घराण्यात शाळा पुरी केलेलं माणूस अजून निपजलं नव्हतं. नेल्डाने नऊ शाळा बदलल्या होत्या. या दहाव्या शाळेतून तिला उपटायचं नाही, एवढी एकच गोष्ट लिओटाने मनाशी पक्की धरली होती. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं.

सप्टेंबरात आर्लिसने एका शेतकऱ्याच्या कोठारातून एकतीस सालच्या फोर्ड गाडीचा सांगाडा ओढून आणला. आत कोंबड्यांनी घरटी केली होती. त्याच आठवड्यात वायोमिंगहून चुलतभावाचं पत्र आलं, की इकडे नवीन विहिरी खोदतायत, माणसं हवीत. आर्लिसने पत्र दोनदा वाचून खिशात घातलं.

"ही गाडी पुरी करतो," तो जेवताना म्हणाला. "आयुष्यात एक तरी गोष्ट पुरी करतो. एका रविवारी जुन्या विमानपट्टीवर पळवतो, आणि मग निघू वायोमिंगला."

"कधीपर्यंत होईल?" लिओटाने विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी हात लावलात तर मार्चपर्यंत."

तेव्हा त्या भागात जो तो हेच करत होता. जुनी गाडी घ्यायची, तिचे मडगार्ड काढून टाकायचे, छपराचे खांब कापून ते बुटकं करायचं, पोटात आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं आणि रविवारी शहराच्या उत्तरेला, लढाईच्या काळातल्या ओसाड विमानपट्टीवर पाव मैल पळवायची. या गाडीला हॉट रॉड म्हणत. अंगणात हॉट रॉड नाही ते घर आजारी माणसाचं असावं, असंच पोरांना वाटे.

घरातले सगळे कामाला जुंपले गेले. आर्लिसचे वडील, पॅप, सत्तरीचे. त्यांनी शिसं वितळवून लाकडी थापीने पत्र्यातले पोचे भरायला घेतले. थापीला चरबी चोपडायची, शिसं लोण्यासारखं फिरवायचं. म्हाताऱ्याचे हात कपाने कॉफी पिताना थरथरत, पण थापी हातात आली की गप्प होत. नेल्डा शाळेतून आली की बाही वर करून व्हॉल्व्ह घासत बसे. नखं काळी झाली म्हणून कुरकुरे, पण सोडत नसे. लिओटाकडे गाडीतली बसायची गादी शिवायचं काम होतं. गादी म्हणजे बायकांचं काम, आणि ते सगळ्यात शेवटी, अशी त्या लोकांत रीत. इंजिनाचा एकेक नटबोल्ट चारचौघांत चघळला जाई, गादीचं नाव कुणी काढत नसे. घरच्या पायमशीनवर बायको शिवेल की.

शेवटी गादी म्हणजे शेवटी लिओटा. हे तिच्या लवकरच ध्यानात आलं. पण गादी शिवायला उशीर करून किती करणार? आठ-पंधरा दिवस. तिला जून हवा होता. ती रात्रंदिवस तेच गणित करत होती, भटारखान्यात पीठ मळतानाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी आर्लिस छप्पर कापायला बसला. गाडी अंगणात, आतून रिकामी. त्याने संत्र्यांची एक पेटी आणली, आडवी टाकली आणि तिच्यावर बसून स्टिअरिंग धरलं.

"अगं लिओटा, जरा टेप धर. डोक्यापासून छपरापर्यंत किती?"

तिने टेप धरला. "सहा इंच."

"मग चार कापतो. दोन राहिले म्हणजे पुष्कळ झाले. काय हो पॅप?"

"तुझं डोकं, तुझं छप्पर," पॅप म्हणाले.

लिओटा टेप हातात धरून उभी होती. गादीसाठी तिने स्प्रिंगा आणून ठेवल्या होत्या, कापूसही पिंजून ठेवला होता. तिला पक्कं ठाऊक होतं, की गादी या पेटीपेक्षा चार इंच उंच होणार. चार इंचांनी आर्लिस वर येणार आणि चार इंचांनी छप्पर खाली. शाळेतल्या पोराला जमावा असा हिशोब. एक शब्द पुरला असता. "अरे थांब" एवढं म्हणायचं होतं.

ती म्हणाली नाही.

कापलेलं छप्पर परत वाढत नाही. दुसऱ्या गाडीचं शोधायचं, ते आणायचं, जोडायचं, शिशाने सारखं करायचं, यात जून सहज गेला असता. हे सगळं तिच्या डोक्यातून एका क्षणात गेलं आणि तिने टेप गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकला. पुढे दोन तास करवत चालली. करवतीचा आवाज ऐकत तिने घरात तीच एक कढई तीनदा घासली. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त, सुटल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतरचे दोन महिने तिला चैन पडेना. आर्लिस शीळ घालत वेल्डिंग करी आणि ती खिडकी लावून घेई. तो शेजाऱ्यांना छप्पर दाखवून म्हणे, "बघ, कसं बसलंय, टोपी घातल्यासारखं," आणि ती आत निघून जाई. दोनदा ती सांगायला म्हणून अंगणात गेली आणि "जेवायला चला" म्हणून परत आली. नेल्डा एकदा म्हणाली, "मम्मी, तू हल्ली डॅडीसारखी येरझारा घालतेस. घरात एक पुरे होता." लिओटा तिच्यावर खेकसली, आणि मग तिच्या पानात एक बिस्किट जास्त वाढलं.

गादी तिने मात्र मन लावून शिवली. लाल रेक्झिन, कापूस भरलेले उभे फुगीर पट्टे, एकेक दोरा सरळ. निदान ती तरी खोटी नको, असं तिच्या मनात असावं.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी गादी बसवली. आर्लिस दार उघडून आत शिरला आणि त्याचं डोकं छपराला टेकलं. त्याने मान डावीकडे घातली, उजवीकडे घातली. शेवटी पिंजऱ्यातल्या कोंबड्यासारखी पुढे काढली. समोरच्या काचेतून त्याला फक्त गाडीचं नाक दिसत होतं.

"बरं झालं," पॅप म्हणाले. "देवळात कधी मान वाकवली नाहीस, ती आता इथे वाकव."

आर्लिस हसला नाही. त्याने गादी काढून बघितली, तर स्टिअरिंग हनुवटीशी आलं. खाली घोंगडी घातली, तर पाय पेडलवर नीट पडेनात, आणि संत्र्यांची पेटी परत ठेवली, तर ती जरा हिसका बसताच सरकायला लागली. तो बाहेर आला, गाडीकडे पाठ करून उभा राहिला आणि मग नदीच्या रस्त्याने चालू लागला. लिओटा दारात उभी होती. आता सांगावं, आत्ता, असं तिला वाटलं. पण तो वळणापलीकडे गेलासुद्धा. गेलेल्या आर्लिसकडे बघत दारात उभं राहण्याची तिला सवय होती.

तो तासाभराने परतला. बूट चिखलाने भरलेले. लिओटाने मनात दुसऱ्या छपराची, जूनची तयारी ठेवली होती.

"लिओटा, तू बस," तो म्हणाला.

"कुठे?"

"गाडीत. बस तर खरी."

ती बसली. ती बांध्याने ठेंगणी. डोक्यावर बरोबर दोन इंच राहिले, पाय पेडलवर नीट पडले, काचेतून समोरचा रस्ता स्वच्छ दिसला. शिंप्याने माप घेऊन शिवावी तशी गाडी तिच्या अंगाला बसली होती. नेल्डा टाळ्या पिटायला लागली.

"पुढच्या रविवारी तू चालवायचीस," आर्लिस म्हणाला. "ओक्लाहोमाहून ट्रक कुणी आणला होता? मला ताप होता तेव्हा?"

"अरे, तो ट्रक होता. ही..."

"चाकं चारच आहेत. गाडी झाली, लिओटा. पुरी झाली. एकदा पळाली की मी वायोमिंगला लिहितो."

तिने इतकं पाप पदरात घेतलं आणि जून काही मिळाला नाही. त्या आठवड्यात तिला झोप अशी लागली नाही. रागही आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

रविवारी विमानपट्टीवर धूळ आणि पेट्रोलचा वास. गाड्यांना नंबर देणाऱ्या वहीवाल्या माणसाने लिओटाकडे बघितलं, मग आर्लिसकडे.

"बाई चालवणार?"

"डॅडी मावत नाहीत," नेल्डा म्हणाली. "तुम्हाला त्यांची मान कापायची असेल तर ते चालवतील."

वहीवाला काहीतरी पुटपुटला, पण नंबर लिहून दिला. आर्लिसने खिडकीत वाकून सांगितलं, "पलीकडे पोचलीस की डावीकडच्या कच्च्या रस्त्याने परत ये. बास." त्याच्या डोळ्यांत इतकी हाव होती, की तिला त्याची दया आली. सहा महिने खपला होता बिचारा, आणि आज तो बाहेर उभा होता. तिच्यामुळे.

निशाण पडलं. पहिल्या क्षणी मान मागे आपटली, मग दुसरा गियर, आणि मग तिच्या कानांत इंजिनाशिवाय काही उरलं नाही. भटारखाना नाही, जून नाही, टेप नाही. दोन महिने मनाला जी टोचणी लागली होती ती एकदम बंद झाली. पाव मैल म्हणजे काहीच नाही. शेवटची रेघ मागे गेली, डावीकडचा कच्चा रस्ता आला, आणि तिने स्टिअरिंग वळवलं नाही. पट्टीच्या टोकाचं फाटक उघडं होतं. पलीकडे हायवे होता.

ती हायवेला लागली. उत्तरेला सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना नुकती नांगरलेली कापसाची शेतं. परत फिरायला हवं, हे तिला कळत होतं. पुढच्या फाट्यावर फिरू, असं तिने चार फाट्यांना म्हटलं. गावं येत होती आणि जात होती, आणि त्यातल्या एकाही गावात तिची भांडी नव्हती. अठरा वर्षं हा माणूस असा का वागतो, ते तिला आज अंगात कळलं, आणि कळल्यावर ती घाबरली. घाबरूनही आणखी दोन मैल गेली. मग एका फळांच्या दुकानापुढे तिने गाडी परत वळवली.

ती परतली तेव्हा पाऊण तास झाला होता. फाटकापाशी आर्लिस एकटाच उभा होता. टोपी हातात, चेहरा राखेसारखा. पलीकडे ट्रकपाशी पॅप आणि नेल्डा बसले होते. तिने इंजिन बंद केलं. तो जवळ आला नाही.

"सोळा सेकंद लागले," तो म्हणाला. "चांगला टाइम आहे." आणि मग, "कुठे होतीस?"

"पुढे."

"पुढे कुठे?"

"ठाऊक नाही. फळांचं दुकान होतं."

"मला वाटलं गाडी उलटली. मग वाटलं, नाही, उलटली असती तर कुणीतरी सांगत आलं असतं." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग वाटलं, तू गेलीस."

लिओटाने स्टिअरिंगवरचे हात काढले. "आर्लिस, टेप माझ्या हातात होता. गादी चार इंच उंच होणार, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मी बोलले नाही."

"का?"

"नेल्डाची शाळा. जूनपर्यंत कसंही करून थांबावं म्हणून."

तिला वाटलं तो ओरडेल, निदान चालायला लागेल. तो तिथेच फाटकाच्या खांबाला टेकून खाली बसला, धुळीत.

"पाऊण तास," तो शेवटी म्हणाला. "माझा जीव गेला, लिओटा. तू अशी किती वेळा उभी राहिली असशील?"

"मोजलं नाही."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू थांबलास कधी ऐकायला?"

त्याने मान हलवली. खिशातून चुलतभावाचं पत्र काढलं, उलगडलं नाही, नुसतं हातात धरलं. "मी काही कळवत नाही त्याला. तू सांगशील ते. राहायचं तर राहू. जायचं तर जाऊ. तू सांग."

अठरा वर्षं तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि अठरा वर्षं तिचं उत्तर तयार होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, राहायचं. आता तो खाली धुळीत बसून वर तिच्याकडे बघत होता, आणि नेल्डा ट्रकपाशी उभी राहून हात हलवत होती. लिओटाने तोंड उघडलं. तिची नजर उघड्या फाटकातून हायवेवर गेली होती, आणि उत्तर काही केल्या तोंडातून निघेना.