डोकावणे

आमच्या ह्यांचं खरं आडनाव आता फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलंय. बाकी सगळीकडे ते ‘डोकावणे’. हे बारसं माझ्या आईने केलं. लग्नानंतर तिच्या पहिल्याच वाढदिवसाला यांनी ओव्हनचं दार इतक्यांदा उघडून बघितलं, की केक फुगायचा तो बसला.

नोकरीही तसलीच मिळाली. नव्या बोगद्यात आग लागली तर धूर कुठे जाईल, ते मोठ्या संगणकावर आधीच घडवून बघायचं. ते गणित चार-पाच दिवस चालतं आणि इतकी माहिती ओकतं, की सगळी साठवायला जागाच नसते. म्हणून ते चालू असतानाच आत डोकावायचं आणि हवं तेवढं टिपून घ्यायचं. यांना तर आयतंच फावलं.

पण दर डोकावण्याला गणित जरा अडखळतं. शनिवारी ते सुरू झालं आणि संध्याकाळीच यांच्या साहेब, म्हणजे बाई, कातावल्या. “मशीन आठवडाभरच आपल्याकडे आहे. सोमवारपासून तुमचं डोकावणं बंद!”

रविवारी आईचा वाढदिवस. केक आत सरकवून मी बजावलं, “दाराला हात लावायचा नाही.” बिचारे मुकाट लॅपटॉप घेऊन बसले, आणि पांढरेफटक पडले.

“अगं, धूर खाली चाललाय.”

“खाली म्हणजे?”

“जमिनीवर लोळतोय. गुरुत्वाकर्षणाचं चिन्ह उलटं पडलंय.”

“मग सांगा की बाईंना! डोकावलात म्हणून सापडलं म्हणावं.”

“चिन्ह मीच टाकलंय.”

मला हसू आलं, पण क्षणभरच. गप्प बसावं, तर बोगद्यातले पंखे भलत्याच जागी लागणार. सांगावं, तर नोकरीवर गदा. दोनदा पाणी पिऊन यांनी फोन लावला.

“बाई, थांबवा. माझी चूक झालीय.”

“कळलं कसं?”

“डोकावलो.”

बाईंनी आधी गणित थांबवलं. मग बाई म्हणाल्या, “दुरुस्त करून पुन्हा सोडा, अजून वेळ आहे. आणि डोकावत राहा. तुमच्यावर कुणीतरी नजर ठेवायलाच हवी, ती तुम्हीच ठेवा.”

मला यांचा फार अभिमान वाटला. तो बोलून दाखवणार, तेवढ्यात करपल्याचा वास आला. या गडबडीत ओव्हनकडे कुणी बघितलंच नव्हतं. मी दार उघडलं आणि काळा धूर भसकन बाहेर आला. मी खोकतेय, आई दारात कपाळाला हात लावून उभी, आणि डोकावणे छताकडे बघून खूष.

“बघ, बघ! वर जातोय!”