राजपुत्राला पुढच्या अंकात काम नाही

माझ्या वडिलांनी मला फसवलं. चुलतभावाने नाही, नशिबाने तर मुळीच नाही. वडिलांनी, आणि तेही एका नाटकाच्या आधाराने.

आमचं गाव करमाळ्याकडचं. देवीच्या जत्रेत गावकरी दरवर्षी एकच नाटक करायचे. गावातल्याच एका जुन्या मास्तरांनी ते वहीत लिहून ठेवलं होतं. राजा भर दरबारात एका परक्या माणसाला शब्द देतो, मागशील ते देईन. तो राजपुत्राचा गादीवरचा हक्क मागतो. राजा क्षणभर थांबतो, हनुवटी वर करतो आणि मुलाकडे बघतो. मुलगा मुकुट उतरवून परक्याच्या पायाशी ठेवतो आणि म्हणतो, "महाराज, आपला शब्द तो माझा शब्द."

राजा माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सोसायटीत कारकून होते, पण माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज. राजपुत्र मी, आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत. माझ्या त्या वाक्याला बायका डोळ्यांना पदर लावायच्या. नाटक सुटलं की लोक अण्णांचे हात हातात घेऊन म्हणायचे, राजा असावा तर असा. मला कुणी काही म्हणायचं नाही. पुढच्या अंकात राजपुत्र येतच नाही. तोवर मी पडद्यामागे खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसत बसलेला असायचो.

दहावीनंतर सोलापुरात पॉलिटेक्निकला माझा नंबर लागला. चुलतभावाचाही लागला. दोघांना शिकवणं घराला झेपणारं नव्हतं. चुलत्याने मरताना अण्णांकडून शब्द घेतला होता, माझ्या पोराला आधी शिकव. हे मला कळलं ते ओसरीवर सगळे पाहुणे बसलेले असताना. अण्णा एवढं सांगून थांबले. हनुवटी वर केली. माझ्याकडे बघितलं.

आणि मी म्हणालो, "अण्णा, तुमचा शब्द तो माझा शब्द."

विचार केला नव्हता. सात वर्षं पाठ असलेलं वाक्य, त्याला विचार लागत नाही. आत्याने डोळे पुसले. मामा अण्णांना म्हणाले, राजा माणूस आहात. चुलतभाऊ इंजिनिअर झाला. आता गाडीतून येतो आणि अण्णांच्या पाया पडतो. मी सोलापुरातच नवी पेठेत दुसऱ्याच्या कापड दुकानात गठ्ठे उचलायला लागलो. तिथून पुढे स्वतःचं दुकान उभं केलं, तेही कुणाच्या शब्दावर नाही. घासाघीस करण्यात मला हरवणारा माणूस पेठेत नाही. एकदाच हरलो, कारण सौदा चाललाय हेच मला माहीत नव्हतं.

पुढे जुनी नाटकं मी खूप पाहिली. थोर माणूस पडतो तेव्हा शेजारचे प्रेक्षक नशिबाला बोल लावतात. मी दुकानदाराच्या नजरेने बघतो. समोर उभा राहून शब्द देणारा एक असतो आणि त्याची किंमत भरणारा दुसराच कुणी विंगेत उभा असतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं. टाळ्या पहिल्याला. हे नशीब नव्हे, हा शब्द देणाऱ्याचा स्वभाव.

इतकं कळत असून मी काय केलं, ते आता लिहितो.

दीड वर्षापूर्वी माझ्या दुकानाला लागून असलेला गाळा विकायला निघाला. मालक म्हातारे, त्यांना पेठेत सगळे काका म्हणतात. तिघे जण मागे लागले होते. काकांनी मला चारचौघांत विचारलं, "तुमच्यामागं कोण बघणार? एक मुलगी, ती जाईल लग्न करून. माझ्या दुकानाचं गोडाऊन झालेलं मला बघवायचं नाही."

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "बारावी झाली की माझी पोरगी इथं गल्ल्यावर बसेल. शब्द देतो."

काकांनी हात पुढे केला. गाळा मला मिळाला. घरी आल्यावर जेवताना मी ही हकीकत मोठ्या फुशारकीने सांगितली. मुलगी समोरच जेवत होती. पुढे तिने प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हा मी म्हटलं, भरू दे, कुठं नंबर लागतोय.

नंबर लागला. नागपूरला, जनावरांच्या डॉक्टरकीला. परवा पाचच्या आत मूळ दाखले घेऊन तिथं हजर व्हायचंय, म्हणजे उद्या संध्याकाळची गाडी पकडायलाच हवी. नाहीतर जागा जाते. दाखले माझ्या दुकानाच्या लोखंडी कपाटात आहेत आणि किल्ली माझ्या कमरेला. काका रोज सकाळी दुकानात स्टुलावर येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांसमोर विचारतात, "काय, मॅडम कधी बसणार?" चार दिवस झाले, ते पायरी चढताना दिसले की मी गठ्ठ्यांमागे जाऊन माल मोजायला लागतो.

आज दुपारी जेवण झाल्यावर मुलीने विचारलं, काकांशी बोलाल का. मी भडकलो. पेठ मला माझ्या शब्दावर ओळखते, उद्या मला दारात कोण उभं करेल, असं बरंच बोललो.  अण्णा आता आमच्याकडेच असतात, ते खुर्चीत सुपारी कातरत होते. माझं बोलून संपलं तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "बरं पप्पा. तुमचा शब्द तो माझा शब्द."

तोच सूर. 'शब्द'च्या आधी तोच किंचित थांबा. ती लहान असताना दुपारी आजोबा-नात राजा-राजपुत्र खेळायचे, ते मी बाहेरून ऐकलं होतं आणि खेळ समजून सोडून दिलं होतं.

"वा, लेकी," अण्णा म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले.

 मी त्यांना विचारलं, "अण्णा, मुकुट ठेवल्यावर राजपुत्र कुटं जातो?"

"त्याला पुढं काम न्हाय. तितं पडदा पडतो की."

"पण त्याचं पुढं काय होतं?"

"वहीत न्हाय लिवलेलं," ते म्हणाले आणि पुन्हा अडकित्ता उचलला.

मुलगी आत गेली होती.  मी तसाच दुकानात आलो, कपाट उघडलं आणि दाखल्यांची फाइल बाहेर काढली. ती आता समोर आहे. एका बाबतीत मी अण्णांपेक्षा वाईट निघालो. त्यांनी मरणाऱ्या भावाला शब्द दिला होता, मी एका गाळ्यासाठी दिला.

उद्या सकाळी काका स्टुलावर बसले की गिऱ्हाइकांसमोरच मी शब्द परत घेणार आहे. ते काय म्हणतील, पेठ काय म्हणेल, याचा हिशोब मी अजून लावलेला नाही. माझ्या शब्दाचा जाब मी देईन.

पण अण्णा, तुमचा तुम्ही द्या. उद्या तुम्हाला रिक्षाने दुकानात आणणार आहे. काकांच्या शेजारी बसवून सगळ्यांसमोर विचारणार आहे. त्या दिवशी ओसरीवर हनुवटी वर करून माझ्याकडे बघितलंत, तेव्हा मी 'नाही' म्हणालो असतो, तर तुमच्याकडे पुढचं वाक्य होतं का? सांगा.