सगळं हिरवं हाय

लातुरात तेव्हा गल्लीगणिक क्लास होता आणि क्लासगणिक वेबसाईट. मी ज्या क्लासात कॉम्प्युटरचं काम बघायचे, तिथे चार होत्या: लातूरची, नांदेडच्या शाखेची, सराव परीक्षांची आणि चौथी नुसती सरांच्या सत्कारांची. निकालाच्या दिवशी पहिल्या तिन्ही हमखास बंद पडायच्या. सत्कारांची कधी पडली नाही. तिकडे फिरकतंय कोण?

पालकांच्या फोनांना कावून मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दर पाच मिनिटांनी तो प्रत्येक वेबसाईटला हाक मारायचा. हाकेला ओ आली तर हिरवा दिवा, नाही आली तर लाल. माझ्या टेबलावर दिसलं तरी मला पुरे होतं.

सरांना मात्र ते दिवे भलतेच आवडले. त्यांनी ऑफिसबाहेर, पालक बसतात तिथे मोठा टीव्ही लावला, नारळ फोडला आणि दिव्यांखालची वेबसाईटची इंग्रजी नावं काढायला लावली. इंग्रजी बघून पालक बिचकतात म्हणे! शिकवणार इंग्रजीतून, पण असो.

मुदखेडचे एक टेलर मुलाला भेटायला आले होते. बराच वेळ टीव्हीकडे बघून त्यांनी सरांना विचारलं, "ह्ये दिवे कशाचे, सर?"

"आपलं समद्यावर लक्ष हाय," सर म्हणाले. "बघा, सगळं हिरवं हाय."

तेवढ्यात तिसरा दिवा लाल झाला. टेलरांचा मुलगा तिसऱ्या बॅचला होता. हातातली डब्याची पिशवी तिथेच टाकून ते समोरच्या होस्टेलकडे पळत सुटले.

सर माझ्यावर उखडले. "म्याडम, तो लाल रंगच काढून टाका. पालक बघायलेत!"

मला आमचा तांब्या आठवला. भूकंपानंतर आमच्या घरी उपड्या पेल्यावर तांब्या ठेवलेला असायचा. जमीन हलली की तो पडणार, पडला की सगळ्यांनी बाहेर पळायचं. मांजरीने दोनदा पाडला, तेव्हा काकांनी वैतागून तो सुतळीने खुंटीला बांधून टाकला. पुढे आमचं घर महिनाभर त्या बांधलेल्या तांब्याच्या भरवशावर निवांत घोरत होतं. मी सरांना म्हटलं, लाल निघणार नाही.

तोवर टेलर मुलाला खांद्याचा आधार देत घेऊन आले. पोरगं तापाने फणफणलं होतं. दोन दिवस ते खोलीत एकटंच पडून होतं, आणि हजेरी मात्र रोज पूर्ण भरलेली होती.

सर बसलेल्या पालकांकडे वळून म्हणाले, "बघितलं का आपली सिस्टीम? पोराचा ताप पन धरती!"

पालकांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. नोकरी गेली खड्ड्यात, असं म्हणून मी सगळ्यांसमोर टेलरांना सांगितलं, "काका, तो दिवा वेबसाईटचा आहे. पोरांचा नाही."

त्यांनी वर पाहिलं. वेबसाईट एव्हाना आपोआप सुरू झाली होती आणि चारही दिवे हिरवेगार होते. पोराला सावरत त्यांनी मला साधंच विचारलं, "मग पोरांचा कोन्ता, म्याडम?"