रामाच्या वडलांचं गवत

ज्या गवतामुळे माझी गाय गोठ्यात राहिली, त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या सासऱ्यांचं नावही तेच आहे. सुनेनं जे तोंडानं घ्यायचं नाही ते कागदावर तरी कशाला? अयोध्येच्या रामाचे वडील आठवा, म्हणजे झालं.

आमचं गाव नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागतं. पावसाळ्यात सगळीकडे हिरवंगार, आणि होळी झाली की डोंगर बोडका. गाय माझ्या माहेरची, कामथडीची. कालवड होती तेव्हा आईनं दिली, मी हातानं पेंडेचे गोळे भरवून वाढवली. उन्हाळ्यात तिच्यासाठी डोंगरावरून भारे आणून माझी मान वाकडी झाली होती. त्या साली सासरे म्हणाले, "बास झालं. पाडव्यापर्यंत हिरवी वैरण पुरली तर गाय ऱ्हाईल. न्हाईतर व्यापारी ठरवलाय, कापूरहोळवरनं टेम्पो येईल."

"मग मामा, मला हिरीजवळचे पाच गुंठे द्या," मी म्हटलं. दिले. माणूस वाईट नाही, हट्टी आहे. मीही काही कमी नाही.

तेवढ्यात मारुतीच्या देवळात वैरणीची माहिती द्यायला एक साहेब आले. ते म्हणाले, दोन प्रकारचं एकाआड एक ओळीत लावा. एक लसूणघास. ती कोवळी, महिन्याला कापायला येते, पण तिला पाणी लागतं आणि नुसती तीच ओली खाल्ली की जनावराचं पोट फुगतं. दुसरं जरा राठ, मुळं खोल, उन्हात तग धरतं. दोन्ही मिसळून घाला. एकदा पेरलं की तीन-चार वर्षं बघायला नको.

सासूबाई घाबरल्या. "गाईनं लसूण खाल्ला तर दुधाला लागंल की! माझ्या चातुर्मासाचं काय?"

साहेबांनी समजावलं, की त्यात नावापुरताच लसूण आहे. मग त्यांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं, आणि सगळं देऊळ सासऱ्यांकडे वळून बघायला लागलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. दोन गवतं, एकाचं नाव त्यांना खाता येईना, दुसऱ्याचं घेता येईना.

साहेबांना बिचाऱ्यांना काय माहीत! ते आपले सांगत सुटले, "याचं बी फार टणक. आधी उकळत्या पाण्यात घालायचं."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

"मग भिजत ठेवायचं. पहिले तीन महिने हा नुसता बसून राहतो, वाढतच नाही. पण एकदा पकड घेतली की कितीही छाटा, परत फुटतो."

"साहेब, ह्यो चावत न्हाई न्हवं?" भावकीतलं कुणीतरी मागून बोललं. झालं! बाया भिंतीला टेकून हसायला लागल्या. सासरे उठले, टोपी झटकली आणि चपला हातात घेऊनच घरी गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जसं काही त्या गवताचं बारसं मीच केलं होतं!

दसरा झाल्यावर मी दोन्ही पेरलं, भोवतीनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. नवरा पुण्याला कामाला, रविवारी यायचा, म्हणून पाणी पाजायचं काम आम्हा सासूसुनांचं. मी 'रामाचे वडील' म्हणायची. सासूबाई सासऱ्यांना आणि त्या गवताला, दोघांनाही 'ते' म्हणायच्या. "त्यांना पाणी दिलंस का?" असं त्यांनी विचारलं की मी तांब्या भरून ओट्यावर न्यायची. मागून ओरडायच्या, "ह्यांना न्हवं गं, वावरातल्यांना!"

साहेबांनी सांगितलं तसंच झालं. लसूणघासीचे कापे निघत राहिले, रामाचे वडील नुसतेच बसून. माघात विहिरीचं पाणी खाली गेलं, लसूणघास रुसली, आणि तेव्हा हा गडी गुडघ्याच्या वर गेला. मी बोटांवर दिवस मोजले. पाडव्यापर्यंत बरोबर पुरणार होतं.

आणि एका सकाळी त्यात शेळ्या शिरल्या. सासऱ्यांनीच आत जाताना काट्याची फांदी बाजूला ओढली होती आणि परत लावायला विसरले होते. वावराकडे पाठ करून ते आंब्याखाली उभे होते, मोबाईलवर त्याच व्यापाऱ्याशी बोलत. मी ओढ्याच्या पलीकडे, डोक्यावर धुण्याची पाटी.

"मामा! गवतात शेळ्या!"

त्यांनी घरामागच्या गंजीकडे बघितलं.

"ते न्हाई! दुसरं गवत!"

ते बांधावरच्या गवताकडे बघायला लागले. माझा जीव वरखाली. "अवो मामा, रामाच्या वडलांत शेळ्या!"

त्यांनी मारुतीच्या देवळाकडे बघितलं!

तेव्हा घराकडून हाक आली. सासूबाई भांडी घासत होत्या, राखेच्या हातानं तशाच उठल्या होत्या, आणि त्यांनी सासऱ्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव. मागं 'राव' नाही, पुढं 'अहो' नाही. "…च्यात शेळ्या घुसल्यात!" लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर पहिल्यांदा. अख्ख्या आळीनं ऐकलं.

सासरे जागच्या जागी थिजले. मोबाईलमधून "हॅलो, हॅलो" चाललेलं, आणि हे बायकोकडे बघत उभे. शेळ्यांनी आणखी दोन ओळी खाल्ल्या. शेवटी सासूबाईच ढेकूळ घेऊन धावल्या.

निम्मं वावर बोडकं झालं होतं. मी बांधावर बसून ढसाढसा रडले. आता कशाची वैरण पुरते! गाय जाणार म्हणून मला आईसमोर कसं जायचं तेच कळेना. सासरे आले, फांदीकडे बघितलं, खाल्लेल्या ओळींकडे बघितलं. फांदी उचलून परत कुंपणाला लावली.

खाल्लेल्या खोडांना पंधरा दिवसांत पालवी फुटली खरी, पण पाडव्याला आठ दिवस राहिले आणि कापायला काहीच उरलं नाही. व्यापाऱ्याचा फोन आला. सासरे त्या बोडक्या ओळींच्या समोर बसले होते.

"टेम्पो आणू नगा," ते म्हणाले. "वैरण लई हाय. पुरून उरली."

मग उठले, विळा-दोरी घेतली आणि डोंगराला लागले. आठही दिवस भारा त्यांनी आणला, स्वतःच्या डोक्यावर. मला हात लावू दिला नाही.

आता तिसरं वर्ष आहे. गाय आहे, गवतही आहे. सासूबाईंनी ते नाव परत घेतलेलं नाही. दर कापणीला सासरे बांधावर येऊन बसतात, टोपी कानाच्या वर सरकवतात.

"आज काय कापायचं म्हणतीस?"

"हिरवं," सासूबाई म्हणतात.

"कुठलं हिरवं?"

"उभं हाय ते."

"नीट ऐकू आलं न्हाई."

"न्हाई तर न्हाई," म्हणत सासूबाई खाली वाकून हसतात, आणि सासरे पुढच्या कापणीला परत येऊन बसतात.