सदतीस म्हणजे सदतीस

मृणाली घरत पडद्यावरच्या आकड्यावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. ही खोड तिला न्हावा शेव्याला लागली. तिथं ती मासळीच्या थंड कंटेनरांचं तापमान तपासायची. पडद्यावर उणे अठरा आणि आत कोळंबी मऊ पडलेली, असं तिनं एकदा पाहिलं आणि तेवढं पुरलं. पुढे कुलदीप म्हात्रे यांनी तिला वडखळजवळच्या आपल्या छोट्या कारखान्यात घेतलं, ते या खोडीपायीच.

तिथं नवजात बाळांसाठी एक यंत्र बनतं. ते पाण्याचे बारीक तुषार करून कोमट करतं आणि प्राणवायूबरोबर नळीतून बाळापर्यंत पोचवतं. तुषार सदतीस अंशांचे हवेत. जास्त तापले तर कोवळी श्वासनलिका पोळते. गार पडले तर बाळाच्या अंगातली ऊब जाते. सगळी भिस्त नळीच्या टोकाशी बसवलेल्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या सेन्सरवर. नवा सेन्सर थोडाफार चुकतोच. त्याला खरं तापमान दाखवायचं, तो किती चुकतो ते बघायचं आणि तेवढी दुरुस्ती यंत्रात भरायची. याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि ते मृणालीचं काम.

कारखान्याचा प्रमाणित थर्मामीटर तपासणीसाठी पुण्याला गेला होता, तो तिथंच अडकला. तोवर मृणाली एकट्या बर्फावर काम भागवत होती. वितळत्या बर्फाचं पाणी बरोबर शून्यावर असतं. सेन्सर त्यात बुडवायचे आणि शून्यावर आणायचे.

दिवाळीनंतर अलिबागकडच्या एका खासगी रुग्णालयातून तक्रार आली. तिथल्या सिस्टर जागृती यांनी स्वतःच्या थर्मामीटरनं तुषार मोजले होते. पडद्यावर सदतीस, नळीच्या टोकाशी छत्तीसच्याही खाली. त्यांनी यंत्रं कारखान्याकडे परत धाडली आणि सोमवारी समोर चाचणी द्या, असं कळवलं.

कुलदीप यांनी आडपडदा ठेवला नाही. "चाचणीत नापास झालो तर हे यंत्र बंद, मृणाली. मग नुसती दुरुस्तीची कामं घेऊ. त्यात तुला द्यायला माझ्याकडे काही उरणार नाही."

"म्हणजे मी परत कंटेनर मोजायला?"

"सोमवारी कळेल."

तिनं यंत्रं उघडली. हीटर ठीक, तारा ठीक, नळ्या ठीक. सिस्टर जागृती यांच्या नोंदींप्रमाणे सगळे सेन्सर मात्र एकाच बाजूला आणि जवळपास सारखेच चुकत होते. वर्गातली सगळी पोरं एकच चूक करत असतील तर मास्तरकडे बघावं लागतं, आणि इथली मास्तर तीच होती.

दुपारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा ती बर्फाच्या स्टीलच्या टबाजवळ बसून राहिली. टबाच्या काठावर वाळलेल्या पाण्याची पांढरी कड उमटली होती. जिचा आजा आणि बाप मिठागरात राबले, तिला ही कड ओळखू यायला वेळ लागत नाही. तिनं बोट फिरवून जिभेला लावलं. खारट.

बर्फ सगुणामावशी आणत. पूर्वी त्या पेणच्या बाजारात मासळी विकायच्या. पावसाळ्यानंतर इथं झाडलोटीला लागल्या होत्या.

"मावशी, बर्फात काही टाकता का तुम्ही?"

"मीठ. दोन मुठी."

"कशाला?"

"अगो, म्हावरा भरताव तवा टाकतावच ना? थंडावा वाढतो. तुझा काम चांगला व्हावा म्हणून टाकतंय, रोज." मग त्यांच्या लक्षात काहीतरी आलं. "मिठागरवाल्याची पोर तू, नि तुला मीठ कलला न्हाय?"

आठवड्यात पहिल्यांदा मृणाली हसली. मावशींचं खरंच होतं; थंडावा वाढला होता. खाऱ्या बर्फाचं पाणी शून्याखाली एका अंशाहून थोडं जास्तच उतरलं होतं, आणि तिनं त्यालाच शून्य म्हणायला सेन्सरांना शिकवलं होतं. त्यामुळे प्रत्येक सेन्सर तेवढंच जास्त दाखवत होता. तुषार पुरते तापण्याआधी पडद्यावर सदतीस उमटायचं आणि हीटर थांबायचा.

तिनं शुद्ध पाण्याचा बर्फ लावला. पण आता तिला एकट्या बर्फावर विसंबायचं नव्हतं. कुलदीप स्वतः गाडी काढून पुण्याहून थर्मामीटर घेऊन आले. तो शेजारी ठेवून तिनं प्रत्येक सेन्सर आधी बर्फात आणि मग सदतीस अंशांच्या पाण्यात तपासला. शेवटी यंत्र चालू करून वाहत्या तुषारांतही तपासला, कारण काम तर तिथंच करायचं होतं.

सोमवारी सिस्टर जागृती यांनी आपला थर्मामीटर नळीच्या टोकाशी धरला. पडद्यावर सदतीस. थर्मामीटरवर सदतीस. त्यांनी दुसरं यंत्र लावायला सांगितलं. तेही तसंच.

"पुरे," त्या म्हणाल्या.

"पुरे कसं? सगळी तपासा," मृणाली म्हणाली.

सगळी तपासली. एकही चुकलं नाही. त्याच दुपारी यंत्रं बाळांच्या कक्षात परत गेली, आणि रुग्णालयानं आणखी यंत्रं मागवली. परतीच्या वाटेवर कुलदीप यांनी सेन्सरच्या कामासाठी वेगळी खोली बांधायचं ठरवून टाकलं. ती कुठल्या बाजूला हवी, हे मृणालीनं गाडीतच सांगितलं.

त्या खोलीतला बर्फ आता सगुणामावशी लावतात. टबाच्या आसपास कुणी जेवणाचा डबा उघडायचा नाही, असा तिथं नियम आहे. तो मावशींनीच केला, आणि कुलदीपनाही तो लागू आहे.