वहिनीचं गरम फडकं

मी माझ्या वहिनीला फसवलं. तिने मला नाही. भुईगावात कुणालाही विचारा, उलटंच सांगतील, कारण तसं मीच सांगितलंय. ओरडून, चारचौघांत. खरं काय ते आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही. चर्चमध्ये फादरसमोर गुडघे टेकले, बारीकसारीक पापं सांगितली — हे तेवढं गाळलं. मग आज तुम्हाला का सांगते? गेल्या रविवारी वहिनी जे बोलली, त्यामुळे.

माझा धंदा मासळीचा. पाचूबंदरला लिलावात माल उचलायचा, विरारला विकायचा. टोपलीपासून टेम्पोपर्यंत आले ती स्वतःच्या जिभेवर. भाव पाडल्याशिवाय मी कोथिंबीरसुद्धा घेत नाही. माझी लीना लहान होती, पहिलीत. मी धंद्यावर, म्हणून दिवसभर ती भुईगावला भावाच्या घरी. तिला न्हाऊ-जेवू घालायची वहिनी. वहिनी वटारच्या वाडीतली, पानवेलीत आणि फुलांत वाढलेली. तिच्या अंगणात माशीसुद्धा पाय पुसून यायची.

लीनाच्या वरच्या पापणीला रांजणवाडी झाली. लाल, टपोरी. वहिनीचा उपाय एकच — उकळून कोमट केलेलं पाणी, स्वच्छ फडकं, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, मग मिटल्या डोळ्यावर ठेवायचं. निवलं की पुन्हा बुडवायचं. दिवसातून चार-पाच वेळा. काजळ नाही, चोळणं नाही, दाबणं तर मुळीच नाही. आपली आपण पिकेल, फुटेल, जाईल, म्हणायची.

पण मला थांबणं जमतं कुठे? मी रांजणवाडीशीही घासाघीस करणारी बाई. त्या दिवशी बंदरावरून थेट तिच्याकडे गेले. लीना ओटीवर आडवी, डोळ्यांवर फडकं. वहिनीच्या दोघी बहिणी पाहुण्या आलेल्या. मी पोरीजवळ वाकले तशी वहिनी म्हणाली, “फिलू, हात धुऊन ये गं आधी.”

एवढंच. आणि एक बहीण हसली. ती मासळीच्या वासाला हसली की आणखी कशाला — मी विचारलं नाही. पण ते हसणं मी अजून विसरले नाही. माझ्या पोरीला हात लावायचा, तर मी हात धुवायचे? याच हातांनी सोललेली कोलंबी हे लोक मिटक्या मारत खात नव्हते?

वहिनी पाणी तापवायला आत गेली. बहिणी तिच्या मागोमाग. आणि मी — न धुतलेल्या हातांनी, नखांत खवलं होती तशीच — फडकं पोरीच्या डोळ्यावर दाबलं आणि त्याच्यावरून ती रांजणवाडी पिळली. जोर लावून. एका झटक्यात मोकळी करून दाखवते, म्हटलं.

लीना किंचाळली. डोळे झाकलेले, तिला काय दिसणार? ती ओरडली, “मामी, दुखतंय! मामी, नको!”

मामी. तिला वाटलं, मामीच आहे.

मी तेव्हा म्हणू शकत होते — बाळा, मी आहे, आई आहे. नाही म्हटलं. वहिनी पातेलं घेऊन धावत आली, तर फडकं माझ्या हातात. आणि माझ्या तोंडून निघालं, “हे पानी हाय का जाळ? भाजलंस माझ्या पोरीला!” विचार करून नाही बोलले. पण नंतर विचार करायला वेळ नव्हता का? वहिनीने तिथल्या तिथे पातेल्यात बोटं बुडवून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद, गाल लाल, अंगात ताप. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. पापणीवर खाच राहिली, तिथे केस उगवत नाहीत. मी लीनाला त्या घरातून काढली, भावाशी बोलणं तोडलं. पुढे लीनाच्या लग्नात जाणं-येणं सुरू झालं. पण तिला मूल झालं तेव्हा वहिनीने बाळाला न्हाऊ घालायला नकार दिला. मी सगळ्यांना सांगितलं — बघा, माज गेला नाही.

मला वाटायचं, ती सगळं ओळखून आहे. हुकमाचं पान हातात ठेवून गप्प बसलीय, एक दिवस टाकेल. मी असते तर टाकलं असतं.

गेल्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर वहिनी आणि मी लीनाच्या विरारच्या घरी होतो. नातवाच्या पापणीला रांजणवाडी. डॉक्टर म्हणाले होते, कोमट फडकं ठेवा, हात लावू नका. लीना फडकं ठेवायला तयार नाही. लसूण सोलून बसलेली, चोळायला. “मला भाजलं तसं याला भाजू?” म्हणाली.

वहिनी म्हणाली, “लसूण नको गं, डोळा आहे तो. फडकंच ठेव. पण माझ्या हातून नको.” मग तिने लीनापुढे हात जोडले. “तुला मीच भाजलं, पोरी. हाताला कोमट लागलं होतं, पण जास्तच तापलं असेल. तेव्हापासून कुणाच्या लेकराजवळ गरम पाणी नेलं नाही मी.”

तिच्या हातात पान नव्हतंच! तिने माझं खोटं मानलं होतं. स्वतःच्या मनगटावर विश्वास ठेवला नाही तिने — माझ्यावर ठेवला.

आणि मी काय केलं? उठले. साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. पाणी मनगटाला लावून पाहिलं. फडकं पिळून नातवाच्या डोळ्यावर ठेवलं. पोरगं रडलंसुद्धा नाही. वहिनी बघत होती. म्हणाली, “तुझा हात हलका गं, फिलू. तेव्हा मी बाजूला होऊन तुलाच करू द्यायला हवं होतं.”

मी फक्त फडकं पुन्हा कोमट पाण्यात बुडवलं.

शिळी मासळी देणाऱ्याला मी भर बंदरात उभा करते, उत्तर घेतल्याशिवाय सोडत नाही. लीना, मोनिका वहिनी — हे वाचलंत की फोन करू नका. या. मला त्याच ओटीवर उभी करा, आणि त्या पापणीचा जाब मागा.