घरात सासू हाय म्हनून

माजी सून नर्स हाय, पनवेलकडं मोठ्या दवाखान्यात. ड्युटीवरनं येते, दोन घास खाते नि लॅपटॉप उघडून बसते. मला वाटलं, हिचं परदेशात जायाचं चाललंय. शेजारनीची लेक तशीच गेली. मी लसूण सोलायचं निमित्त करून बाजूला बसायची.

शेवटी विचारलंच, "कुठं जायाचं चाललंय तुजं?"

"कुठं नाय ओ आई. पुढच्या शिक्षणाचा पेपर लिहितेय. नर्स कामानं पार गळून जातात, त्याच्यावर."

"त्याला लिवाया कशाला लागतं? आरशात बग."

"तसं चालत नाय. आधी कोणी काय लिहिलंय त्याचा दाखला द्यायचा असतो."

मंग एक दिस आली ती रडवेली. नाईट ड्युटी कमी करा म्हनून मेट्रनला सांगाया गेलती. मेट्रन म्हनली, तुझ्या घरी सासू आहे, पोराला बघते. घरी माणसं असली की नर्स थकत नाही, संशोधनात आलंय.

"आणि आई, मीपण तेच लिहिलंय. सगळेच लिहितात."

"सगळे म्हंजे कोन? वाच बरं, मराठीत सांग."

तिनं एकेकाचं सांगितलं. सगळ्यांचं बोलनं सारखं. मला खटकलं.

माज्या लग्नाआधी बा सासरच्या गावात चौकशीला गेलता. दुकानात इचारलं, विहिरीवर इचारलं, देवळात इचारलं. सगळे म्हनले, पोरीला मिठागरात पाय घालाया लागनार न्हाय. बा खूश. एवढी मानसं खोटं कशाला बोलतील? लग्न होऊन म्हयना न्हाय झाला, मी खाऱ्या पान्यात उभी. टाचा फुटल्या, मीठ भरलं. पोर पोटात व्हतं तवाबी मीठ ओढलं. मागनं कळलं, सगळ्यांना नवऱ्याच्या आत्यानंच सांगितलेलं. मोठी जाऊ रोज मिठागरात जायची, तिला कोनी इचारलंच न्हाय.

म्हनून सुनेला म्हनलं, "ह्यांना कोनी सांगितलं ते बग."

ती एकाच्या मागं एक शोधत गेली. सगळे जाऊन पोचले एकाच जुन्या पेपरावर, तिकडं परदेशातल्या.

"त्यानं नर्सला इचारलेलं?"

"नाय ओ. त्याने नुसतं लिहिलंय, असं असू शकेल. पुढच्यांनी 'असू शकेल' गाळून टाकलं."

तिचे सर म्हनले, सगळे लिहितात, तूपण लिही. हिनं न्हाय लिवलं. वॉर्डातल्या बायांना चहाच्या टायमाला इचारत बसली. त्यात पेपर रखडला. बाया म्हनल्या, घरी कोन का असंना, नाईटवर नाईट लागली की अंगातलं बळ जातंच. तेच लिवलं. छापून आलं तसं मेट्रनला दाखवलं.

मेट्रन म्हनली, "हे तू एकटीच म्हणतेस. आणखी कोणी म्हटलंय का?"

नाईट व्हती तशीच राह्यली.

परवा आली ती हसत. "आई, कोणीतरी माझ्या पेपरचा दाखला दिलाय! उद्या मेट्रनला दाखवते."

"त्यानं तुला फोन केलता?"

"नाय."

"वॉर्डात आलता?"

"नाय ओ आई, तसं कोण येत नाय."

"मंग आधी वाच, तुज्या नावावर काय लिवलंय त्यानं."

तिचं हसू गेलं. लॅपटॉप उघडला. मी लसूण घेऊन बाजूला बसले.